हात न लावता दिलेला दाखला

डॉक्टरनं माझ्याआधीच्या तिघा ड्रायव्हरांच्या पापण्या बोटांनी वर करून डोळे पाहिले. नाडी धरली. छातीला नळी लावली. माझी पाळी आली. मी दवाखान्याच्या ओसरीची पायरी चढायला गेलो, तर तो ओरडला, "खालीच थांब!"

थांबलो. उन्हात. त्यानं खुर्चीतूनच एकवार माझ्याकडे पाहिलं. बाजारात बैल घेताना लोक त्याचे दात तरी बघतात. कंपाउंडरनं दाखला पायरीवर टाकला आणि सरकारी उर्दूत लिहिलेलं वाचून दाखवलं, 'तंदुरुस्त'.

"लई नशीबवान हायस बे," मोटारीचा मालक म्हणाला. खोटं का सांगू, मीही खूश झालो. दाखल्याशिवाय माणसं नेणारी सवारी मोटार चालवता येणार नव्हती. महाराच्या पोराच्या हाती मोटार! आईनं त्या कागदाला हळदकुंकू लावलं.

पण नेकनूरच्या रस्त्यावर खडी फोडताना माझ्या डाव्या डोळ्यात कपची गेली होती. मधूनच त्या डोळ्याला धूसर दिसायचं. डॉक्टरला सांगायचंच होतं. कुणी विचारलं नाही, आणि मग मीही गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी धारूरच्या घाटात त्या डोळ्यापुढे अंधारी आली. डावीकडचं वळण दिसलंच नाही. मागं पंधरा-वीस माणसं, त्यात एक बाळंतीण. कचकन ब्रेक दाबला. चाक दरीपासून हातभर. आधी भीती वाटली, मग राग आला. मला शिवायला नको म्हणून एवढी माणसं मेली असती!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. थेट ओसरीवर चढलो. दाखला डॉक्टरच्या टेबलावर ठेवला.

"पास केलं ना तुला? आता काय पाहिजे?"

"माजा डोळा बगा. हात लावून बगा."

"डोकं फिरलंय का? उतर खाली!"

"न्हाई उतरत."

त्यानं दाखला टराटरा फाडला. शिपायानं काठीनं ढोसत मला पायऱ्यांवरून खाली लोटलं. मोटार हातची गेली. मी पुन्हा खडीवर आलो. 

तिसऱ्या दिवशी सकाळी हातोडा खांद्यावर घेऊन पुन्हा त्याच ओसरीवर चढलो. पुन्हा लोटलं. आता रोज चढतो. त्यानं मला नापास करावं, खुशाल करावं. पण माझ्या पापणीला बोट लावून करावं. तोवर मी ही ओसरी सोडणार नाही.