वेल्डरचं वेगळं ताट

कारखान्यात रक्तदान केलं आणि रक्तात हेपॅटायटिस बी निघाला. वेल्डर घरी आला तोच डोक्यात राख घालून. त्यात त्याने मूर्खपणा केला, तो हे आईसमोर सांगण्याचा. त्याच संध्याकाळी म्हातारीने त्याचं ताट, वाटी, पेला उचलून मोरीजवळच्या फळीवर आदळला.

“कुठे शेण खाऊन आलास?”

“आई, एका ताटात जेवून नाही होत हा. रक्तातून होतो.”

“मला शिकवू नकोस!”

घरात नखं कापायचं नेलकटर मात्र सगळ्यांचं एकच होतं, त्याची कुणाला शुद्ध नव्हती. महिनाभर तो मोरीपाशी बसून जेवला. म्हातारी त्याने धरलेली दाराची कडीसुद्धा पुसून घ्यायची. याला काळजी म्हणत नाहीत, छळ म्हणतात.

त्याच्या बायकोला सातवा महिना होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. बाळाला जन्मल्याबरोबर लस हवीच, पण त्याच्या आईलाही हा आजार असेल तर वर आणखी एक इंजेक्शन लगेच द्यावं लागेल. उशीर झाला तर बाळाला जन्माचं दुखणं. हे ऐकून म्हातारी कडाडली, “सून तपासणीच्या रांगेत दिसली, की लोक तोंडात शेण घालतील!”

तशी बायको उठली. “सासूबाई, मी तर जाणारच. आणि तुम्ही तपासून घेतलं नाहीत, तर बाळ तुमच्या मांडीवर देणार नाही.”

“मला काय धाड भरलीय?” म्हणत म्हातारी तणतणत त्यांच्याबरोबर दवाखान्यात निघाली.

बायकोच्या रक्तात काही निघालं नाही. तिला लसीचा पहिला डोस तिथेच टोचला. आजार निघाला म्हातारीला, तोही फार जुना. लिव्हर आतून कडक व्हायला लागलं होतं आणि तिला पत्ताच नव्हता. “मुलाला बहुधा जन्मतानाच तुमच्याकडून गेला,” डॉक्टर म्हणाले. “आता औषधं वेळेवर घ्या. जवळ घेतल्याने, एकत्र जेवल्याने कुणाला काही होत नाही.”

बाहेरच्या बाकावर म्हातारी पिशवीचा बंद ओढत बसली. शेजारी बसलेला वेल्डर महिनाभराचं मोरीपाशी जेवणं विसरला नव्हता.

“बाळाला मी घेऊ ना रे?” तिने खाली बघत विचारलं.

डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. तो उठला आणि औषधांच्या खिडकीकडे निघून गेला.