हेरोदाला राक्षस म्हणणारा मुकादम

इथं सुरतेत हातगाडीवरच्या गॅसबत्तीचा वास आला, की पारनेरकडचं आमचं चर्च आठवतं आणि डोकं तापतं.

दुष्काळातलं नाताळचं नाटक होतं, गॅसबत्तीच्या उजेडात. उसना फेटा बांधलेला हेरोद राजा बेथलेहेमची तान्ही पोरं मारायचा हुकूम सोडत होता. पुढं बसलेला मुकादम हळहळला, "काय राक्षस म्हनावा ह्यो!" त्यानंच महिन्यापूर्वी आईला खडी फोडायच्या कामावरून अर्धा दिवसही सोडलं नव्हतं, आणि तापानं फणफणलेली माझी तान्ही बहीण दवाखान्याविना गेली होती.

आई उभी राहिली. "तुमी काय येगळं केलं, मुकादम?"

"बाई, नाटक चाललंय."

"माझी लेक नाटकात न्हाई मेली."

काम जाईल म्हणून मी घाबरून तिचा पदर ओढत होतो. चौथीत शाळा सुटलेला मी जगलो तो तिच्याच कष्टांवर. राग येतो तो आमच्या माणसांचा. सगळे "खाली बस" म्हणून ओरडले ते आईवर. हेरोदसुद्धा.