मैदानकाकांचा शब्द

गवत राखणे ही विद्या आहे, हे ज्यांनी मैदानकाकांना काम करताना पाहिले नाही त्यांना पटणे कठीण. एकतीस वर्षे ते फुटबॉलच्या त्या मैदानावर भल्या पहाटे अनवाणी फिरले. मातीची ओल तळपायालाच कळते, अशी त्यांची श्रद्धा होती. आज कोणत्या कोपऱ्याला पाणी द्यायचे आणि कोणता तहानलेला ठेवायचा, याचा निवाडा त्यांचे पायच करीत. संघ हरला की ते जेवत नसत. "आमचा संघ असा, म्हणून तर भाऊ सडपातळ राहिला," असे त्यांची थोरली बहीण म्हणे.

ही ताई गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्यांत शिवणकाम करी. मधुमेहाने तिच्या पायाला भरून न येणारी जखम झाली होती. गल्लीतच नगरपालिकेचा दवाखाना होता. आठवड्यातून दोनदा तेथे जाऊन ती मलमपट्टी करून घेई.

सहा वर्षांपूर्वी संघाच्या मालकांनी निरोप धाडला: मैदानाभोवती छप्पर असलेले नवे प्रेक्षक-सज्जे बांधून द्या, नाहीतर आम्ही दुसरे गाव पाहतो. नगरपालिकेने नागरिकांचा कौल मागितला. खर्चासाठी पाणीपट्टीवर बारा वर्षांचा अधिभार बसणार होता आणि गल्लीतला दवाखाना 'तूर्त' दूरच्या रुग्णालयात विलीन होणार होता. मालकांवर कोणाचाच विश्वास नव्हता; मैदानकाकांवर मात्र साऱ्यांचा होता. मालकांनी हे अचूक हेरले. ज्यांची स्वतःची कशावरच निष्ठा नसते, त्यांना इतरांच्या निष्ठेचे मोल नेमके ठाऊक असते. काकांनी दारोदार जाऊन मते मागितली.

"छप्पर मालकांच्या डोक्यावर, आणि भार आमच्या?" ताईने शिलाईयंत्र थांबवून विचारले.

"ताई, संघ इथून हलणार नाही."

"हे तू सांगतोस की मालक?"

"मी सांगतो."

"मग झालं. त्या चेंडूशी माझं काही देणंघेणं नाही. मत देतेय ते तुझ्या शब्दाला."

सज्जे उभे राहिले, दवाखान्याला कुलूप लागले. ताई दोन बस बदलून मलमपट्टीला जाऊ लागली. पुढे दोनदाऐवजी एकदाच. सहाव्या वर्षी एका दूरच्या शहराने मालकांना फुकट जमीन आणि दुप्पट मोठे क्रीडागार देऊ केले. करारात पळवाट होतीच. जड अंतःकरणाने निरोप घेत असल्याचे निवेदन मालकांनी प्रसिद्ध केले आणि हलक्या पावलांनी ते निघून गेले.

जाताना त्यांना आणखी एक वस्तू हवी होती. मैदानाच्या मध्यवर्तुळातील हिरवळ मुळांसकट उचलून नव्या मैदानात रोवायची, म्हणजे 'परंपरा अखंड' राहील, असे व्यवस्थापकाने काकांना सांगितले. हे काम त्यांच्यावाचून कोणाला जमणारे नव्हते.

"हात लावू नकोस," ताई म्हणाली. "न्यायचं ते सगळं नेलं की मेल्यांनी. गवत तरी राहू दे."

"मी नाही कापलं तर दुसरा कुणीतरी कुदळ घालेल. मुळं तुटतील."

"तुटू देत! तुझं काय जातंय?"

हिरवळ उथळ कापली असती तर आठवड्यात वाळली असती. तो विचार मनात येऊन गेल्याचे त्यांनी पुढे ताईपाशी कबूल केले. परंतु हाताला खोटे काम जमेना. दोन बोटे जाड माती राखून, सपाट फावड्याने त्यांनी पट्टी पट्टी सोडवली, तान्ह्या मुलासारखी ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि ट्रकमध्ये चढवली. मैदानाच्या मध्यभागी वाटोळा खड्डा उरला. ताई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

नव्या मैदानावरील पहिल्या सामन्याच्या संध्याकाळी ती काकांचा उसवलेला सदरा शिवून घेऊन आली. दूरचित्रवाणी चालू होती.

"पाहतोयस?"

"गवत पाहतोय गं. रुजलं की नाही ते."

ताईला ते खरे वाटले. कदाचित त्या क्षणापर्यंत ते खरेही असावे. ती खुर्चीवर टेकली आणि दुखरा पाय तिने स्टुलावर ठेवला. कुठल्या पट्टीचा सांधा दिसतो, कुठे पाणी कमी पडले आहे, हे काका तिला बोटाने दाखवीत होते. ऐंशीव्या मिनिटाला संघाच्या आघाडीवीराने गोल केला आणि काका ताडकन उठले.

"मारला! आपण मारला, ताई! आपण!"

खोलीत नुसता पडद्यावरचा जल्लोष उरला.

"आपण?" ताईने विचारले.

काकांचे वर गेलेले हात हळूहळू खाली आले. ताईने भिंतीचा आधार घेतला, पट्टी बांधलेला पाय चपलेत सरकवला आणि ती दाराबाहेर पडली. जिन्याला अठरा पायऱ्या होत्या. तिचे एकेक पायरी उतरणे आत ऐकू येत होते. तिला हात द्यायला उठावे, असे काकांना मनापासून वाटले. सामन्याची दहा मिनिटे उरली होती. ते उठले नाहीत.