हिरव्या चेहऱ्याचा मुलगा
टर्पेंटाइनचा वास आला की मला महाडच्या शाळेत भरवलेलं माझं पहिलं प्रदर्शन आठवतं. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मुंबईत चित्रकला शिकताना मी रस्त्यात दिसलेल्या अनोळखी माणसांचे चेहरे रंगवायचो, आणि मनात येतील ते रंग द्यायचो. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती चित्रं गावी आणून एका वर्गात टांगली. खिडकीतून सुकट भाजल्याचा खमंग वास येत होता. गावातले वकील आले, दुकानदार आले, आणि "हिरव्या तोंडाचा माणूस कुठं असतो का हो?" म्हणून हसून गेले. दाराशी बसलेले माझे वडील ओशाळून पंख्याने वारा घेत राहिले. तेवढ्यात बाजाराला आलेली कापडे गावची एक म्हातारी डोक्यावरची पाटी उतरवून आत शिरली आणि त्याच हिरव्या चेहऱ्यासमोर थबकली. मुंबईत गिरणीच्या फाटकाशी मला दिसलेला एक तरुण होता तो. "शिमग्याला का नाय आलास रे? वाट बघून डोळे दुखले माझे!" ती चित्रावरच ओरडली. तो तिचा मुलगा होता! मग पदराने डोळे पुसत मला म्हणाली, "हसतोय, म्हंजे बरा हाय." मी ते चित्र तिथल्या तिथे उतरवून तिला दिलं, आणि माझे वडील उठून ते स्वतः एसटीपर्यंत पोचवून आले. पुढे माझी बरीच प्रदर्शनं झाली, कौतुकही झालं. पण माझ्या चित्राला इतकं मनापासून पुन्हा कुणी रागावलं नाही.