अँब्रोसचं स्वतःचं मत

"आपल्या ताटात आपण वाढून घ्यायचं नाही," असं अँब्रोस टनिक्लिफ सारखं म्हणायचा. चर्चच्या जेवणात क्रंबल या गोड पदार्थाचं भांडं अगदी त्याच्यासमोर आलं तरी कोणी वाढेपर्यंत तो थांबायचा. कोणी वाढलं नाही, तर तसाच उठायचा.

आमचा हॅरोप खोऱ्याचा मतदार विभाग कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नकाशावर ऐसपैस पसरलेला दिसतो, पण मतदारांपेक्षा मेंढ्या जास्त. दगडी बांध, टिटव्या, वाऱ्यात वाकलेली झाडं आणि मधूनमधून एखादं गाव. इथून अँब्रोस कितीतरी वर्षं कौन्सिलवर निवडून जात होता. मी त्याची निवडणुकीतली प्रतिनिधी. म्हणजे पत्रकं वाटायची आणि दारातल्या पत्रांच्या फटीमागे बसलेल्या कुत्र्यांपासून बोटं वाचवायची.

खोऱ्यातून शहराला जाणारी बस एकच. कौन्सिल दरवर्षी ती बंद करायला निघायचं आणि अँब्रोस सभेत उभा राहून ती वाचवायचा. सभेलाही तो त्याच बसनं जायचा. या खेपेला मे महिन्यात निवडणूक होती आणि जूनच्या सभेत बसचा कायमचा फैसला. तेवढ्यासाठी त्याला निवडून यायचं होतं. थकला होता; बसचा प्रश्न नसता तर उभाच राहिला नसता.

समोर उभी होती हेस्टर फर्निहो. शहरातून आलेली, जुनं धान्याचं कोठार घेऊन त्यात राहणारी, चटपटीत बाई. बस राहावी असं तीही म्हणायची, पण बसमध्ये कधी चढलेली नव्हती.

आमच्याकडे उमेदवार आपलं मत समोरच्याला देतो. समोरचाही तसंच करतो, त्यामुळे कोणाचं काही जात नाही. अँब्रोसचे वडील निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांनीही हेच केलं होतं. हेस्टरला मात्र हे कोणी सांगितलं नाही. अशी गोष्ट सांगावी लागते, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी दुपारी शहरातल्या क्रीडागृहात मोजणी झाली. एका कागदावर अँब्रोसच्या नावापुढे फुली आणि खाली लिहिलेलं, 'खड्डे बुजव आधी.' अधिकाऱ्यांनी ते मत ग्राह्य धरलं, सगळे हसले. मग आकडे आले. अँब्रोस एका मतानं मागे. मी फेरमोजणी मागितली. पुन्हा तेच.

मी त्याला बाजूला घेतलं. "तुझं मत कुणाला दिलंस?"

"नेहमीसारखं."

"अरे बाबा, ती बाहेरून आलेली. तिला काय माहीत?"

हेस्टर जवळच होती. तिचा चेहरा उतरला. "तुम्ही मला मत दिलंत?"

"आणि तू कुणाला दिलंस?" मी विचारलं.

"मलाच. दुसरं काय करतात?"

आणखी एकदा मोजायचं का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. माझा हात अर्धा वर गेला होता. अँब्रोसनं मान हलवली.

पुढे गावात त्याला लोक खुळा म्हणाले. स्वतःला एक फुली दिली असती तर बाजी त्याची होती. मीही खूप दिवस रागावले होते. पण मतदानाच्या पडद्याआड स्वतःला वाढून घेणारा माणूस आमच्या बससाठी तितक्याच निर्मळ मनानं उभा राहिला असता का? मला अजून सांगता येत नाही.

त्या दुपारी मात्र त्यानं छातीवरचं उमेदवारीचं फीत-फूल काढून खिशात घातलं आणि हेस्टरला म्हणाला, "जूनच्या सभेला बसनं जा. मोटारीनं गेलीस तर तुझं कोण ऐकणार? आणि मागच्या बाकावर बसू नकोस, तिथली स्प्रिंग टोचते."

मोजणाऱ्या पोरींचे आभार मानून तो बाहेर पडला. काचेच्या दारात आम्ही दोघी उभ्या राहिलो. हेस्टरच्या हातात मोटारीची किल्ली होती, पण 'घरी सोडते' म्हणायला तिची जीभ रेटली नाही. तो मोटारींच्या रांगेमधून, जराही घाई न करता, थांब्याकडे चालला होता.

"सकाळची बस कितीला सुटते?" त्याच्यावरची नजर न काढता हेस्टरनं मला विचारलं.