शस्त्रपूजेच्या पाटावरचं पिस्तूल

नव्वदच्या दशकात मी अमेरिकेत, आयसेलिनला, घरमालक काका-काकूंच्या साड्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहायचे आणि कशा ना कशाविरुद्ध पत्रकं काढायचे. आमच्या घरी दसरा म्हणजे धम्मदीक्षेचा दिवस, शस्त्रपूजा मी कधी केलेली नाही. पण काकूंची पुरणपोळी कोण सोडणार? गेले खाली.

पाटावर कात्री, गजपट्टी, कॅलक्युलेटर आणि काकांचं कोरं पिस्तूल! शेजारचं दुकान चोरांनी फोडल्यापासून काका मासिकातली एक जाहिरात खिशात घेऊन फिरायचे. चित्रात झोपलेलं बाळ, उशाशी पिस्तूल. मजकूर काय, तर वापरायला इतकं सोपं की शिकावंही लागत नाही. पिस्तूल कुलपात ठेवण्याबद्दल अवाक्षर नाही.

हळदकुंकू लावायचा मान त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीचा. कात्री झाली, गजपट्टी झाली. बोट पिस्तुलाकडे निघालं तसा मी तिचा हात धरला.

"रिकामं आहे गं," काका हसले. "गोळ्यांचं मॅगझिन काढलंय. तुला आपलं जिथे तिथे पत्रक सुचतं."

"मग उघडून दाखवा."

काकांनी इकडे दाबलं, तिकडे ओढलं. उघडेना.

"अहो, शिकावं लागत नाही ना?" काकू म्हणाल्या. "मग उघडा की!"

"डॅडी, इज इट ब्रोकन?"

काकूंनी लेकीला उचललं आणि तडक बाहेर नेलं. पूजा तिथेच थांबली.

त्याच दुपारी काका पिस्तूल घेऊन विकणाऱ्याकडे गेले. त्याने क्षणात उघडलं. मॅगझिन काढलं तरी नळीत एक गोळी राहिली होती. काका ते तिथेच सोडून आले आणि जेवलेच नाहीत.

'वापरणारा निष्काळजी' म्हणून पिस्तुलाच्या कंपन्या हात झटकतात. काका निष्काळजी होतेच. पण शिकायची गरज नाही, हे त्यांच्या कानात कोणी भरलं? बाळाच्या उशाशी ते कोणी ठेवलं? आम्ही नाही. चित्र तुमचं, मजकूर तुमचा, मग जबाबदारी तेवढी आमची?

हेच मी कंपनीला लिहिलं. उत्तरादाखल रंगीत कॅटलॉग आला, 'प्रिय घरमालक' म्हणून. मी भाडेकरू! आत तेच बाळ, तीच उशी.

"दे इकडे," काकू म्हणाल्या आणि कुंकू लागलेल्या कात्रीने त्यांनी ते पान कापलं. मी ते नव्या पत्रकावर चिकटवलं, खाली ठळक लिहिलं, 'कुलूप कुठाय?' आणि प्रती काढल्या.

शनिवारपासून प्रत्येक साडीच्या पिशवीत एक. गिऱ्हाइकं कुरकुरली. काकू म्हणाल्या, "साडी हवी तर पत्रकासकट न्या."