उपरण्याचा केशरी रंग

नंदनवन वस्तीतल्या त्या घरात वामनरावांना कुणी नाही म्हणत नसे. त्यात भीती नव्हती, नुसती सवय होती. वामनरावांचा आवाज कधी चढला नव्हता. गांधीबागेत कापडाच्या दुकानात जन्म घालवून त्यांनी एकच गोष्ट कमावली होती, ती म्हणजे रंगाची नजर. बाईने साडीचा पदर पुढे केला की ते एकदा पाहायचे आणि कोणत्या फळीवरचा कितवा ब्लाउजपीस काढायचा ते सांगायचे. तो जुळायचाच. दुकानात जे त्यांचं चाले तेच मग घरातही चालू लागलं. भाजीत मीठ कमी आहे असं ते म्हणाले की ते कमीच असायचं. त्यांची बायको मनकर्णा लग्नाच्या पहिल्या वर्षी हे शिकली होती. सून सोनिका आली तेव्हा मनकर्णाबाईंनीच तिला ते शिकवलं.

दुकान आता मुलगा सौरव पाहत होता. वामनराव सकाळचा थोडा वेळ गादीवर बसून घरी परतायचे. मग त्यांचं कीर्तनाचं काम सुरू होई. त्यांच्या थोरल्या बहिणीचं, यमुताईंचं, मांडीचं हाड मोडलं होतं. काटोलकडच्या शेतातल्या घरात त्या खाटेवर पडून असत. तिथे टीव्ही होता, पण डिश नव्हती. म्हणून वामनराव रोजचं पहाटेचं कीर्तन आपल्या डिशच्या बॉक्समध्ये रेकॉर्ड करून ठेवत आणि पेनड्राइव्हवर उतरवून गावाकडे जाणाऱ्याच्या हाती पाठवत. बॉक्समधलं रेकॉर्डिंग सरळ पेनड्राइव्हवर येत नसे. ते बॉक्सवर चालवायचं, आणि चालू असताना वायरीने एका लहान डबीत नेऊन पुन्हा उतरवून घ्यायचं. ही जोडणी सौरवने करून दिली होती.

पावसाळा सरताना त्यांनी पहिल्यांदा तक्रार केली. कॉपीत चित्र मेलेलं येतं, महाराजांचं केशरी उपरणं दहादा धुतल्यासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरं होतं. सगळ्यांनाच चित्र काळवंडलेलं दिसत होतं. सौरवने मागे हात घालून पाहिलं. टीव्ही आणि डबी दोन्ही एकदम चालावेत म्हणून चित्राची पिवळी वायर एका जोडाने दोघांत वाटली होती, त्यामुळे दोन्हीकडे अर्धाच जोर पोचत होता. त्याने जोड काढून वायर नुसती डबीला लावली. मग उतरलेली कॉपी टीव्हीवर लावून पाहिली, तर चित्र लख्ख झालं होतं. महाराजांच्या कपाळावरचा बुक्कासुद्धा दिसू लागला.

वामनराव पुढे झुकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "अजून फिक्कंच आहे."

सौरवने एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा बापाकडे. "हो बाबा," तो म्हणाला, "थोडंसं आहे."

पुढचं सगळं त्या एका वाक्यातून झालं. नवी वायर आली. मग नवी डबी आली. सौरवने बॉक्समधलं मूळ कीर्तन आणि त्याची कॉपी एकामागून एक लावून दाखवली. दोन्हींत काही फरक नव्हता. वामनरावांना दोन्ही सारखीच फिक्की दिसली. त्यावरून त्यांनी ठरवलं की मुळात बॉक्सच बिघडला आहे. सोनिका हो म्हणाली. यमुताईंनी फोनवर सांगितलं की चित्र तर झकास येतंय रे, तेव्हा फोन ठेवून ते म्हणाले, ताईचे डोळे गेले आता.

मनकर्णाबाईंना दिवाळीत कळलं. पाडव्याला त्या जांभळी साडी नेसल्या होत्या. ती वामनरावांनीच गेल्या वर्षी दुकानातून निवडून आणली होती आणि घडीही मोडली नव्हती. ओवाळून घेताना वामनरावांनी विचारलं, "सणाच्या दिवशी ही विटलेली काहून नेसली वं?"

मनकर्णाबाईंनी पदराकडे पाहिलं. कोऱ्या कापडाचा वास अजून येत होता. बदलते, असं म्हणून त्या आत गेल्या आणि खरोखरच दुसरी नेसून आल्या.

त्यानंतर त्या पाहत राहिल्या. वामनराव पेपराचे नुसते मथळे वाचत. चहा बशीत ओतताना तो बशीबाहेर जाई. एकदा भाजी निवडताना सोनिकाने हळूच सांगितलं की बाबांनी जुळवून दिलेले ब्लाउजपीस बाया परत आणून राहिल्या आहेत, आणि सौरव ते दुपारी, बाबा घरी गेल्यावर, बदलून देतो. बाबांना सांगू नका म्हणाला. मनकर्णाबाईंचा भाऊ रुपराव साखरेने आंधळा झाला होता. ओसरीवर बसून तो पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखी. त्यालाही आधी सगळं फिक्कं दिसायचं, आणि डॉक्टर म्हणाले होते की उशीर केला. वामनरावांची साखर तर त्याच्याहून जुनी. हे सगळं ठाऊक असून मनकर्णाबाई रोज सकाळी ठरवत, आज बोलायचं, आणि रोज रात्री देवाजवळचा दिवा शांत होईपर्यंत बोलणं राहून जाई. कशी सुरुवात करतात तेच त्यांना माहीत नव्हतं.

संक्रांत झाल्यावर बॉक्स पाहायला कंपनीचा माणूस आला. त्याने मीटर लावला, वायरी काढून पुन्हा घातल्या, आणि चित्र एकदम चांगलं आहे असं म्हणणार तोच वामनरावांच्या खुर्चीमागून सोनिकाने त्याला नको अशी मान हलवून दाखवली. तो गडबडला. पाहिजे तर बॉक्स बदलून देतो, म्हणाला. पण बॉक्स बदलला की आतलं रेकॉर्डिंग सगळं जाईल.

जाऊ द्या, वामनराव म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी एकेकाला विचारलं. सौरव म्हणाला, हो, फिक्कं आहे. सोनिका म्हणाली, हो बाबा. ते मनकर्णाबाईंकडे वळले. चेहरा नेमका त्यांच्याकडे नव्हता, थोडा बाजूला होता.

"तू सांग वं. फिक्कं आहे का नाही?"

"नाही," मनकर्णाबाई म्हणाल्या.

सोनिकाने पदर तोंडाशी नेला.

"मले केशरी दिसून राह्यलं. काठाची जर बी दिसते. सौरवलेही दिसते. त्यानं तुमचं मन राखलं."

टीव्हीवर महाराज बोलत होते. कुणीतरी आवाज बंद केला. वामनरावांनी सौरवकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. तेवढं त्यांना दिसलं.

"जा गा तू," ते त्या माणसाला म्हणाले. "बॉक्स चांगला आहे."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. ब्लाउजपिसांच्या नमुन्यांचा गठ्ठा काढून खिडकीपाशी उजेडात धरून बसले. मनकर्णाबाई दारात उभ्या राहिल्या आणि हाक न मारता परत फिरल्या. सकाळी ते स्वतःच चप्पल घालून आले. "चाल, धंतोलीले, डोळ्याच्या डॉक्टरकडे."

डॉक्टर तरुण होती. साखरेमुळे डोळ्याच्या मागे पाणी साचलं आहे, डावा डोळा बराच गेला, उजवा इंजेक्शनांनी सांभाळता येईल, असं तिने सांगितलं. गेलेलं सगळं परत येणार नाही. थोडं आधी यायला हवं होतं, असंही ती म्हणाली, कागदावर लिहीत लिहीत, वर न पाहता.

परतताना ऑटोत वामनरावांनी विचारलं, "तुले कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीपासून."

"मग बोलली काहून नाही?"

"नाही म्हणाची सवय नाही मले," त्या म्हणाल्या. "आता लागन."

उतरताना वामनरावांनी हात पुढे केला. तो आधारासाठी होता, आणि चारचौघांत त्यांनी तो असा कधी मागितला नव्हता.

दुकानात बसणं त्यांनी बंद केलं. कीर्तनाचं काम सोडलं नाही. उजव्या डोळ्याचं दुसरं इंजेक्शन झाल्यावर त्यांनी चाचपडत वायरी लावून कीर्तन उतरवलं आणि ते पाहायला मनकर्णाबाईंना टीव्हीसमोर पाटावर बसवलं.

"आज उपरणं कसं आहे?"

"आज केशरी नाही. पांढरं आहे, काठ हिरवा."

"बराबर पाहिलं?"

"पाहिलं. मधातच चित्र एकदा अडकलं, तेवढं पुन्हा उतरवा."

त्यांनी ते पुन्हा उतरवलं. मग फोन मागून घेऊन यमुताईंना लावला. नेहमीसारखं तब्येतीचं विचारलं, संत्र्याच्या बागेचं विचारलं, आणि ठेवायच्या आधी म्हणाले, "ताई, चित्राचं तुझंच बराबर होतं."

पलीकडून यमुताई कशाबद्दल ते विचारत राहिल्या. वामनरावांनी फोन मनकर्णाबाईंच्या हातात दिला.